वास न येण्याचं काम

दिवाळी अंक लोकांच्या हातात पडतो तेव्हा मी बहुधा झाडावर बसलेला असतो. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम एक ऑक्टोबरला सुरू होतो आणि आपली दिवाळी नेमकी त्याच्या मध्ये येते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी फार कमी वेळा दिसलो. मंडळातली मुलं मला 'हंटिंगवाले काका' म्हणतात आणि त्यांचे आईबाप मला 'जरा वेगळेच आहेत' असं म्हणतात. दोन्ही बरोबर आहे.

संपादकांनी कामाच्या अनुभवांवर लिहायला सांगितलं. नोकरी म्हणून मी जन्मभर इथल्याच ट्रॉय गावात मोटारींच्या सीटखालचे रूळ डिझाइन केले. सीट पुढेमागे सरकते ती त्या रुळांवर. त्यावर लेख लिहिला तर मीसुद्धा वाचणार नाही. म्हणून दुसऱ्या कामाबद्दल लिहितो, ज्याचा पगार मला कधीच मिळाला नाही.

शिकारीचं सामान बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा मी 'प्रो-स्टाफ' आहे. नाव ऐकून लोकांना वाटतं मोठी नोकरी आहे. स्टाफ म्हणतात, पण पगार नाही, कार्ड नाही, सुट्टी नाही. कंपनी तुम्हाला कपडे, टोपी आणि काही वस्तू फुकट देते. बदल्यात तुम्ही ते कपडे घालून शिकार करायची, फोटो टाकायचे आणि हंगामाआधी शनिवार-रविवार दुकानात स्टॉलवर उभं राहून गिऱ्हाइकांच्या शंका सोडवायच्या. जाहिरातीतल्या माणसासारखं देखणं असावं लागत नाही. उलट शेजारचा माणूस वाटलात तर बरं, असं कंपनीचं म्हणणं. मी कुणाच्या शेजारचा वाटत होतो हे मला आजही कळलेलं नाही.

या भानगडीत मी पडलो तो ऑफिसमुळे. नोव्हेंबरच्या मध्यावर बंदुकीचा हंगाम उघडतो त्या दिवशी आमच्या ऑफिसमध्ये चिटपाखरू नसायचं. मॅनेजरपासून गोदामातल्या माणसापर्यंत सगळे रानात. सुरुवातीची काही वर्षं त्या दिवशी मी एकटाच डबा खात बसायचो. शेवटी गॅरी नावाच्या सहकाऱ्याला माझी दया आली आणि तो मला घेऊन गेला. त्याच्या ओळखीने वॉल्ट नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बसायची परवानगी मिळाली. पुढे गॅरी फ्लोरिडाला गेला. मी मात्र झाडावरून उतरलो नाही.

कंपनीची ओळख झाली ती तक्रारीमुळे. त्यांच्या जॅकेटची चेन थंडीत कुरकुर करायची. इंजिनिअर असल्यामुळे मी आकृत्या काढून लांबलचक ईमेल लिहिली. त्यांनी चेन बदलली आणि मलाच विचारलं, आमच्यासाठी काम करता का? अमेरिकेत तक्रार नीट केली तर कधीकधी काम मिळतं.

आता धंदा सांगतो. हरीण डोळ्यांनी बघतं, कानांनी ऐकतं, पण विश्वास ठेवतं फक्त नाकावर. तुम्ही दिसलात तर ते थांबून विचार करेल. तुमचा वास आला तर विचार करत नाही. पुढचा पाय जमिनीवर आपटतं, नाकातून फुर्र करून मोठा आवाज काढतं, शेपटीचा पांढरा झेंडा वर करतं आणि जातं. त्या रानातली बाकीची हरणंही जातात. तुमचा दिवस संपला. आमची कंपनी त्यावर उपाय विकते. वास न येणारे कपडे, वास नसलेला साबण, आणि रबरी कडेचं झाकण असलेली मोठी पेटी. कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे, उघड्यावर वाळवायचे, पेटीत बंद करायचे आणि रानात गाडीपाशी उभं राहून थंडीत कुडकुडत बदलायचे. वाटेत पेट्रोल भरायचं नाही. मचाणावर, पडू नये म्हणून झाडाला पट्टा बांधून बसलं की बोलायचं नाही, खोकायचं नाही. वारा आपल्याकडून हरणाकडे जात असेल तर यातलं काहीच कामाला येत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. कंपनीला ते आवडत नाही, पण माझी पेटी सगळ्यांत जास्त खपते.

तर असा माणूस, आणि त्याच्या घरी मराठी स्वयंपाकघर!

पहिल्याच वर्षीची गोष्ट. मोठ्या दुकानात माझा पहिला स्टॉल. कंपनीची केल्सी नावाची मुलगी मुद्दाम बघायला आली होती. समोर दाढीवाले, टोपीवाले दहा-पंधरा शिकारी. मी भाषण केलं, की मित्रहो, ही माझी स्वतःची पेटी, यात माझे स्वतःचे कपडे, घरून बंद करून आणली आहे, आता उघडतो, नाक जवळ आणा. नाकं जवळ आली. मी झाकण उघडलं. डांबरगोळ्यांचा असा भपका आला की पहिल्या रांगेतला माणूस दोन पावलं मागे सरकला.

नलिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, कपड्यांच्या प्रत्येक घडीत दोन-दोन डांबरगोळ्या आणि कोपऱ्यात वेखंडाचा तुकडा ठेवला होता. आपल्याकडे महागाचं लोकरी कापड पेटीत ठेवताना ठेवतात तसा. एक म्हातारा शिकारी म्हणाला, "हे घालून बसलास तर हरणं काय, कॅनडापर्यंत एक किडा राहणार नाही." सगळे हसले. केल्सीने डोक्याला हात लावला.

घरी येऊन मी आरडाओरडा केला. नलूने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, कसर लागली असती म्हणजे? एवढं चांगलं कापड. मला काय माहीत तुमच्या पेटीला वासाचं वावडं आहे ते!"

"वास येऊ नये म्हणूनच पेटी आहे ना, नलू!"

"मग तसं सांगायचं. पेटी म्हटल्यावर मी गोळ्या घालणारच."

मी विसरलो, पण तिच्या ते मनाला लागलं. दुकानात चारचौघांत नवऱ्याचं हसं झालं आणि ते आपल्यामुळे, हे तिला सहन होईना. त्या दिवसापासून तिने माझं काम माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. कंपनीची सगळी पत्रकं वाचली. एके दिवशी मलाच म्हणाली, "मशीन एकच आहे आपलं. माझे कपडे वासाच्या साबणाने धुतले की तो वास ड्रममध्ये राहतो आणि तुमच्या कपड्यांना लागतो. कळतं का इंजिनिअरला?" तेव्हापासून घरातले सगळेच कपडे, चादरी, तिच्या साड्यासुद्धा, बिनवासाच्या साबणाने धुतल्या जायला लागल्या. तिची अंगाला लावायची चंदनाची पावडर गेली. उदबत्ती गेली. हंगामात घरात फोडणी बंद झाली. हिंग-मोहरीची डबी ती सप्टेंबरात शोभावहिनींकडे नेऊन ठेवायची आणि डिसेंबरात परत आणायची. मी म्हणायचो, अगं एवढं नको. तर म्हणायची, "तुमची हरणं माझ्या नावाने बोटं मोडतील."

शोभावहिनी तिची मैत्रीण, आमच्याच रस्त्यावर पुढे राहतात. इथे बरीच घरं तळणाचा वास आत नको म्हणून गराजमध्ये स्टोव्ह लावतात. आमच्या गराजमध्ये माझ्या पेट्या होत्या, त्यामुळे नलूची दिवाळी शोभावहिनींच्या गराजमध्ये. चकल्या, शेव, चिवडा सगळं तिथेच करायची, तिथल्याच बाथरूममध्ये आंघोळ करायची, कपडे बदलायची आणि मग घरी यायची. रानात जाताना मी करतो तेच सगळं, फक्त उलटं. आमची मुलगी रेवती लहानपणी हे बघून म्हणायची, "आई, यू आर सो वीअर्ड." आई म्हणायची, "मी नाही, तुझे बाबा."

हे काम एकट्याचं आहे, ते जाहिरातीत दिसत नाही. झाडावर तर एकटं बसायचंच, पण फोटोही एकट्याने काढायचे. बाकीच्या प्रो-स्टाफच्या फोटोंत वडील असतात, भाऊ असतो, मुलगा असतो. माझ्या फोटोंत मी ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, पळत जाऊन गुडघ्यावर बसलेला असतो. टोपीवरचं नाव नीट दिसतंय आणि मी कुणाकडे तरी बघून हसतोय. समोर कुणीच नसायचं. नलू ते फोटो बघून म्हणायची, "कुणाकडे बघून एवढे दात काढलेत हो?"

गिऱ्हाइकांत एक बाई माझ्या कायम लक्षात राहिली. वयस्कर, नीटनेटकी, शिकारीशी संबंध नसलेली. ती पेटीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने विचारलं, "ही पेटी वास आत येऊ देत नाही. पण आतला वास बाहेर जाऊ देते का?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नेमकं काय ठेवायचंय?

"माझ्या नवऱ्याचा गोठ्यात घालायचा कोट. तो मार्चमध्ये गेला. कपाटात ठेवला तर कपाटाचा वास लागतो."

मी झाकणाची रबरी कड बोटाने दाबून दाखवली आणि म्हटलं, रबराला आत-बाहेर कळत नाही बाई, ते दोन्हीकडून सारखंच अडवतं. फक्त सारखी उघडू नका. तिने मान हलवली, पेटी घेतली आणि निघून गेली.

संध्याकाळी नलूला हे सांगितलं. ती नेहमीसारखी हसली. "बरं आहे तिचं. मी गेले तर तुम्ही काय ठेवाल पेटीत? माझ्या साड्यांचा तर तुमच्या हरणांनासुद्धा वास येत नाही." मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. ती पानं घ्यायला उठली.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात ती गेली. आजार लहानसा वाटला होता, हॉस्पिटलमध्ये मोठा निघाला. रेवती तिच्या गावाहून, मॉरिसव्हिलहून आली आणि सगळं झाल्यावर आठवडाभर राहिली. एका दुपारी मी वर गेलो तर ती आईच्या कपाटासमोर जमिनीवर बसली होती. मांडीवर साड्या, ड्रेस, शाल. एकेक उचलून तोंडाला लावत होती.

"बाबा," ती म्हणाली, "इट डझंट स्मेल लाइक एनीथिंग."

मी शेजारी बसलो. मीही एकेक कपडा नाकाशी धरला. सुती साडी, रेशमी साडी, घरातला गाऊन, उशीचा अभ्रा. खरोखर कशालाच वास नव्हता. कंपनीच्या पत्रकात छापावं इतकं चोख काम झालं होतं. खाली गराजमध्ये कंपनीच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांत ठेवण्यासारखं माझ्या घरात काहीही नव्हतं. मला तेव्हा जे वाटलं ते मी या लेखात लिहू शकत नाही. रेवती माझा हात धरून बसली होती एवढं आठवतं.

ती परत गेली. घर स्वच्छ होतं आणि त्याला कसलाच वास नव्हता. मी नूडल्स खायला लागलो. एकदा फोडणी करून बघावी म्हणून तेल तापवलं, मोहरी जाळली, आणि जळक्या मोहरीचा वास आला. नलूच्या फोडणीचा नव्हता. खिडक्या उघडून बसलो. हंगामाआधीचे स्टॉल मी सगळे केले. घरी बसण्यापेक्षा ते बरे होते, निदान कुणीतरी काहीतरी विचारायचं. मी वाऱ्याबद्दल बोलायचो, घरी यायचो, आणि दुसऱ्या शनिवारची वाट बघायचो.

दिवाळीच्या आधी शोभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, फराळ न्यायला या. आणि थोडं काम पण आहे."

मी गेलो. त्या मला गराजमध्ये घेऊन गेल्या. स्टोव्हमागच्या खिळ्याला नलूचा एप्रन लटकत होता. जुन्या सुती साडीचा तिने स्वतः शिवलेला. तळणाची दिवाळी त्यात जायची आणि तो कधी आमच्या घरी यायचा नाही.

"तुमच्या घरी वास नको म्हणून इथेच ठेवायची," वहिनी म्हणाल्या. "मी धुवायला काढला होता हो दोनदा. पण हात धजला नाही."

मी तो काढून नाकाशी धरला. तळण, हिंग, ओवा. आणि त्या सगळ्याच्या खाली, गळ्याच्या पट्टीपाशी, ती. मी तिथे स्टोव्हपाशीच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वहिनी पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

एप्रन पेटीत गेला. त्या बाईला मी सांगितलं होतं, सारखी उघडू नका. स्वतःला सांगणं कठीण असतं. मी रोज उघडायला लागलो. नंतर ठरवलं की फक्त रविवारी. आणि वर्षभरात कधीतरी, उन्हाळ्याच्या शेवटी, मी झाकण उघडलं, एप्रन नाकाशी धरला आणि नाकाला फक्त कापूस लागला. नुसतं कापड. पुन्हा हुंगलं. काही नाही.

रेवतीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुमचं नाक यूज्ड टू झालंय. ब्रेक द्या त्याला." मी महिनाभर पेटी उघडली नाही. उघडली तेव्हाही काही नाही. मग एप्रन घेऊन शोभावहिनींकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"येतोय की भाऊजी. छान येतोय."

त्या खूप चांगल्या आहेत. कपड्याला वास नसता तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. त्यामुळे माझी शंका काही गेली नाही. आपण उघडून उघडून तिला घालवलं की ती अजून आहे, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते खरं सांगेल असं माणूस माझ्या ओळखीत नव्हतं.

मग लक्षात आलं की माणूसच कशाला हवं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी मी वॉल्टच्या रानात गेलो. इतक्या वर्षांत घेतली नव्हती इतकी काळजी घेतली. बिनवासाच्या साबणाने आंघोळ, स्वच्छ पेटीतले कपडे, रबरी बूट. गाडीपाशी थंडीत उभं राहून कपडे बदलले. धनुष्य घरीच ठेवलं होतं. वॉल्ट ट्रॅक्टरवरून म्हणाला, "काहीतरी विसरलास." मी म्हटलं, नाही, आज सगळं आणलंय.

वारा पश्चिमेचा होता, मंद आणि सरळ. हरणांची पायवाट उत्तरेकडून दक्षिणेकडे माझ्या मचाणाखालून जाते. त्या वाटेवर थोडं पुढे, पश्चिमेच्या अंगाला एक मेपल आहे. त्याच्या फांदीला लाकडी चिमट्याने एप्रन लावला, हातमोजे घालून. तिथून वारा वाटेवर येत होता. मी स्वतः वाटेच्या पूर्वेला जाऊन दुसऱ्या झाडावर बसलो, म्हणजे माझा वास वाटेपासून लांब जात होता. जे मी गिऱ्हाइकांना जन्मभर करू नका म्हणून सांगितलं, तेच एप्रनच्या बाबतीत केलं होतं आणि बाकीचं सगळं नियमाप्रमाणे. आता हरीण दचकलं तर ते फक्त एका गोष्टीला दचकणार होतं.

पट्टा बांधून बसलो. पानं बरीचशी गळून गेली होती. दोन तास काही आलं नाही, नुसत्या खारी. मला भीती वाटायला लागली. हरीण न येण्याची नव्हे. ते येईल आणि शांतपणे चरत पुढे निघून जाईल याची.

उन्हं कलल्यावर एक मादी आली. मोठी, सावध, या रानात मुरलेली. एकेक पाऊल टाकत माझ्या समोरून गेली. मान वर केली नाही, म्हणजे मला वास नव्हता. वारा आणि कंपनीचे कपडे, दोन्ही चोख होते. मी श्वास रोखला. ती आणखी पुढे गेली. मेपलच्या रेषेपर्यंत. एक पाऊल पुढे. मान खाली, पानं चाळत होती. 

आणि ती थांबली. मान ताठ वर गेली. नाक वाऱ्याकडे वळलं, ओलं, काळं, हलणारं. कान पुढे आले. तिने पुढचा पाय उचलला आणि जमिनीवर आपटला. एकदा, परत एकदा. मग सगळं रान दणाणेल अशी फुर्र केली, पांढरी शेपटी वर, आणि झाडांतून उड्या मारत दिसेनाशी झाली. लांबवर अजून दोन-तीन शेपट्या उडताना दिसल्या. त्या रानातलं एकूण एक हरीण पळालं.

असं झालं की शिकारी शिव्या घालतो. मीही पूर्वी घातल्या आहेत, मनातल्या मनात, कारण मचाणावर आवाज करायचा नसतो. इतक्या वर्षांत मी तिथे शब्द काढला नव्हता. त्या संध्याकाळी डोळे पुसत, पट्ट्याला लटकून पुढे वाकलो आणि मेपलच्या दिशेने मोठ्यांदा ओरडलो, "नलू! अगं, येतोय! अजून येतोय वास!"